लखलखीत नळकांडी

९ जानेवारी

पोरी,

फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि मागे कुठलं तरी मशीन वाजत असतं. माझं बोलणं तुला कळलं की मशीनला, तेच समजत नाही. म्हणून लिहितेय. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला दोन पानं लिहायची म्हणजे पाठ मोडते, तेव्हा उत्तरही तेवढंच मोठं पाठव. 'मी बरी आहे, काम खूप आहे' एवढंच लिहायचं असेल तर तिकीट वाया घालवू नकोस.

लहान मुलांची डॉक्टर झालीस तेव्हा मला वाटलं, संपलं एकदाचं शिक्षण. आता म्हणे नुसत्या फुप्फुसांसाठी आणखी दोन वर्षं. पुढे डाव्या फुप्फुसाचं वेगळं आणि उजव्याचं वेगळं निघालं तर मला आधीच सांगून ठेव. तुझ्या बापाला काही विचारलं तर तो म्हणतो, ताई, तिला माहीत असेल. माझा भाऊ आहे म्हणून ऐकून घेते.

इथे वॉर्ड भरलाय. थंडी पडली की सगळ्या छात्या एकदम वाजायला लागतात. वाफेची मशीनं कमी पडतात, सिस्टरला पाणी प्यायला वेळ नाही, आणि आलेल्या बायकांना पोरांना दम्याचा पंप कसा द्यायचा ते शिकवायचं काम अजून माझ्याच गळ्यात आहे. माझी काही तक्रार नाही. मोठे डॉक्टर परवा पाहुण्या डॉक्टरांना घेऊन फिरत होते, माझ्या शेल्फापाशी थांबले आणि म्हणाले, ही आमच्या मावशींची नळकांडी बघा, काचेसारखी ठेवतात. तुम्ही स्पेसर म्हणता ते. पंपाच्या पुढे लावायचं प्लॅस्टिकचं नळकांडंच ते, त्याला स्पेसर म्हटल्याने काय सोन्याचं होतं.

शिट्टी आठवते ना? छातीतून शिट्टी वाजायची म्हणून मीच नाव ठेवलं होतं. सहा पूर्ण झाली. तू इथे होतीस तेव्हा तिची आई, ती कारखान्यात बटणं लावणारी, औषध देत नव्हती. तू तसं कागदावर लिहून दिलंस म्हणून तरी पोरगी सुटली. बापाबरोबर त्याच्या आईकडे राहते, त्याला आता वर्ष झालं. बटणवालीला फक्त रविवारी भेटू देतात. पण काय उपयोग, अजून वाजतेच. मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. गोळ्यांनी तोंड सुजून चेंडू झालाय आणि वर्षभरात उंची बोटभरही वाढली नाही. आजी बिचारी एवढं करते. काही काही पोरांचं नशीबच तसं.

जेवत जा. उभ्याने खाऊ नकोस.

आत्या


२० जानेवारी

आत्या,

नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. एकदा हसायला आणि एकदा नीट.

इथलं काम सांगते. सकाळी आम्ही प्लॅस्टिकच्या बाहुलीच्या घशातून दुर्बीण घालायचा सराव करतो. बाहुलीची श्वासनळी माझ्या करंगळीएवढी. भिंतीला जरा धक्का लागला की बाहुली ओरडते, म्हणजे तसा भोंगा बसवलाय तिच्यात. पहिल्या आठवड्यात माझ्या हातून ती इतकी ओरडली की शेजारच्या खोलीतल्या बाई बघायला आल्या. दुपारी मुलांच्या फुंकरीची मोजणी. पडद्यावर मेणबत्त्या दिसतात, मूल नळीत जोरात फुंकतं आणि मेणबत्त्या विझतात. चार वर्षांचं मूलसुद्धा जिद्दीला पेटतं. मला 'अजून, अजून, अजून' असं ओरडायचं असतं, माझा घसा बसलाय.

पण आमच्या मॅडमचं खरं शिक्षण वेगळंच आहे. त्या मुलाला तपासायच्या आधी आईला म्हणतात, घरातली औषधाची पिशवी काढा आणि घरी जसं करता तसं माझ्यापुढे करा. अगदी धुण्यापासून. मग दहा मिनिटं एक शब्द बोलत नाहीत. आम्हालाही बोलू देत नाहीत. मला आधी वाटलं, यांना एवढा वेळ कुठून मिळतो.

आत्या, एक विचारायचं होतं. तू स्पेसर नक्की कसे स्वच्छ करतेस? पाणी, साबण, नंतर काय, सगळं क्रमाने लिही. बायकांना काय शिकवतेस तेही. आणि शिट्टीच्या आजीला तूच शिकवलंस का? ती कशी करते? हे मला लवकर कळायला हवं.

मी उभ्यानेच खाते. खोटं कशाला सांगू.

तुझी भाची


२८ जानेवारी

पोरी,

मला माहीतच होतं, एक दिवस मोठ्या हॉस्पिटलातूनही विचारणा होणार. तुझ्या मॅडमना सांग, चौथी पास बाई आहे पण बारा वर्षांत माझ्या शेल्फावर डाग सापडलेला नाही.

लिहून घे. कोमट पाण्यात साबण घालायचा. नळकांड्याचे दोन्ही भाग सुटे करायचे, बुडवायचे, हलवायचे. मग चांगल्या पाण्याने धुवायचे. आता खरं काम. इथेच बायका आळस करतात, ओलं तसंच ठेवून देतात आणि आत पाण्याचे पांढरे डाग पडतात. मी तसं चालू देत नाही. मऊ सुती फडकं बोटाला गुंडाळायचं, आत घालायचं आणि गोल गोल फिरवून घासून पुसायचं. चाळीस फेरे. वरून एकदा कोरड्या फडक्याने. मग खिडकीकडे धरायचं. पलीकडचं झाड स्वच्छ दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर परत.

प्रत्येक बाईकडून माझ्यापुढे करून घेते. बटणवाली सुद्धा करायची, ते नाकारत नाही मी. तिच्या हातात सफाई आहे. पण शिट्टीची आजी माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. इथून गेली तशी दिवसातून दोन वेळा पुसते. तिने त्यासाठी वेगळे रुमाल ठेवलेत, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. मी इतर बायकांना तिचं उदाहरण देते.

तुमच्याकडे लिहून लावणार असाल तर माझं नाव नको घालू. उगाच सिस्टरच्या पोटात दुखेल.

आत्या


६ फेब्रुवारी

आत्या,

हे पत्र मी चारदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

प्लॅस्टिक फडक्याने घासलं की त्यात वीज साठते. अगदी थोडी, हाताला लागत नाही. फुगा केसांवर घासला की भिंतीला चिकटतो, ते तूच मला लहानपणी करून दाखवायचीस. तीच वीज. नळकांडं आतून पुसलं की पंपातून आलेलं औषध त्याच्या भिंतींना चिकटून बसतं. सगळं नाही, पण बरंचसं. मुलाच्या छातीत पोचतं ते उरलंसुरलं. म्हणून साबणाच्या पाण्यातून काढून तसंच निथळत ठेवायचं. पुसायचं नाही. डाग पडले तर पडू द्यायचे.

गेल्या महिन्यात इथे एका आईने मॅडमपुढे पिशवी उघडली, सगळं बरोबर केलं आणि शेवटी रुमाल काढला. मी तिच्या हाताकडे बघत राहिले. मला तुझं शेल्फ दिसायला लागलं.

हे नळकांड्याबरोबर येणाऱ्या कागदावर छापलेलं असतं. बारीक अक्षरात, पण असतं. मी तीन वर्षं लहान मुलांच्या डॉक्टरीचं शिक्षण घेतलं, सहा महिने तुझ्याच वॉर्डात काढले, तो कागद एकदाही उघडला नाही. तू वाचायला हवा होतास असं मी म्हणणार नाही. मी वाचायला हवा होता.

आता शिट्टी. तिची आई पुसायची म्हणून औषध पोचत नव्हतं. आजी दोन वेळा पुसते म्हणून आणखी कमी पोचतंय. मग आईने औषध दिलं नाही, हे कशावरून? मला आठवतं तसं तिने मला पंप दाखवला होता. पंपाच्या पाठीवरचा, उरलेले डोस दाखवणारा आकडा रोजच्या रोज बरोबर उतरला होता. मी तुला विचारलं तेव्हा तू म्हणालीस, आकडा काय, ती गेटापाशी उभी राहून पंप हवेत मारून रिकामा करते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यावर मी लिहिलं.

आत्या, तू नक्की काय पाहिलं होतंस?

आधी आजीचं पुसणं थांबव. आजच.

तुझी भाची


११ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

बारा वर्षं पुसतेय. मोठे डॉक्टर रोज बघत होते. सिस्टर बघत होती. तू बघत होतीस. कोणाच्या तोंडून शब्द नाही आला. आता तिकडे एक मॅडम भेटल्या आणि आत्याच्या हातात वीज आली.

मी काय पाहिलं ते पाहिलं. उलटतपासणी घ्यायला तू वकील नाहीस.

आत्या


२० फेब्रुवारी

आत्या,

तू रागावणार हे माहीत होतं. रागव. पण आजीला सांगितलंस का, एवढं एका ओळीत कळव.

तुझी भाची


१४ मार्च

पोरी,

सांगितलं. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात सांगितलं होतं, तुला कळवलं नाही एवढंच. सगळ्यांना सांगितलं. वरून नवा नियम आलाय, आता पुसायचं नाही, निथळत ठेवायचं. कोणी काही विचारलं नाही. नियम म्हटलं की कोणी विचारत नाही. शेल्फावरची सगळी नळकांडी साबणाच्या पाण्यातून काढून फळीवर उलटी मांडली. डाग पडलेत. रोज येता जाता दिसतात आणि माझा हात फडक्याकडे जातो, मग मी हात खिशात घालते.

एक दिवस सगळे जेवायला गेले तेव्हा मी करून पाहिलं. एक नळकांडं पुसून, एक न पुसता. दोन्हीत पंप मारला आणि खिडकीकडे धरलं. पुसलेल्यातला धूर लगेच बसला. न पुसलेल्यात कितीतरी वेळ तरंगत होता. मी तिथेच स्टुलावर बसले. बारा वर्षांत किती पोरं आली असतील याचा हिशोब करायला गेले आणि सोडून दिला.

काही बायकांना मी काय काय बोललेय ते तुला माहीत नाही. एकीला सगळ्या वॉर्डासमोर म्हटलं होतं, तुला मूल झालंच कशाला. तिची काहीच चूक नव्हती. ती पुढे आलीच नाही. आता कुठे शोधू तिला.

पण चांगली बातमी आहे. शिट्टी वाजायची थांबली. काल तपासणीला आली होती, मोठ्या डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. जिना चढून आली आणि वर येऊन बोलत होती, धापा टाकत नव्हती. तोंडाची सूज उतरतेय. तेव्हा झालं ना आता. पोरगी बरी झाली. मागचं उकरून कोणाचं भलं होणार आहे? माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. तुझंही पुढे नाव व्हायचंय. कोणाला काही लिहू नकोस.

आत्या


२२ मार्च

आत्या,

शिट्टीची बातमी वाचून मी ड्युटीच्या खोलीत रडले. शेजारच्या डॉक्टरला वाटलं बाहुली परत ओरडली.

पण झालं नाही. कागद तसाच आहे. त्यावर माझी सही आहे आणि लिहिलंय की आई औषध देत नाही, प्रत्यक्ष पाहणाऱ्या कर्मचाऱ्याची माहिती. तो कागद दाखवून बापाने आणि आजीने मुलगी आईकडून नेली. मुलगी अजून तिकडेच आहे.

तुला जे सांगायचं टाळत होते ते आज सांगते. मी त्या दिवशी आईला एक प्रश्न विचारला नाही. तुलाही दुसरा विचारला नाही. का, ते ऐक. माझ्याबरोबरचे दोघे डॉक्टर मागे उभे होते. तू बोलायला लागलीस की थांबत नाहीस, आणि बोलता बोलता एखादे वेळी 'अगं पोरी' म्हणून गेली असतीस. मला ते नको होतं. वॉर्डात मी तुला सगळ्यांसारखं मावशी म्हणायचे. घरी आत्या आणि वॉर्डात मावशी, सहा महिने. तू कधी काही बोलली नाहीस. मला वाटायचं तुला कळलं नसेल. आता वाटतं, तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं. त्या दिवशी मला ते संभाषण लवकर संपवायचं होतं, म्हणून मी झटपट लिहून मोकळी झाले. एका बाईचं मूल मी माझ्या लाजेपायी लिहून दिलं.

मी मोठ्या डॉक्टरांना पत्र लिहिलंय. मी आईची बाजू विचारली नाही, पंपाचा आकडा बरोबर होता, स्पेसर पुसल्यामुळे औषध पोचत नव्हतं, आणि माहिती देणारी कर्मचारी माझी सख्खी आत्या आहे हे मी लपवलं. सगळं लिहिलंय. मॅडमनाही दाखवलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, पोस्टात टाक. मला ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पण गेटापाशी तू काय पाहिलंस ते मला लिहिता येत नाही. ते तुझ्याकडेच आहे.

तुझी भाची


१९ एप्रिल

पोरी,

महिना गेला. हातात पेन घ्यायचा आणि ठेवायचा असं चाललं होतं. आज बसलेय ती संपवूनच उठणार.

पहिल्या दिवशीच कळलं होतं. मीही तुझ्या मदतीला वॉर्डात तुला 'डॉक्टर' म्हणायचे की नाही? मग. त्याचं एवढं काही नाही. दुखलं होतं, पण बूट चावतो तेवढंच.

आता माझं. गेटापाशी मी बटणवालीला पंप हवेत मारताना पाहिलं हे खरं. दोनदा मारला. पंप नवा होता, खोक्यातून तिने माझ्यासमोर काढला. नवा पंप आधी दोनदा हवेत मारायचा असतो. हे बायकांना शिकवतं कोण? मीच. तेव्हा ती काय करतेय हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी तुला सांगितलं की रिकामा करते.

का सांगितलं तेही ऐक. आदल्या दिवशी तिने मला वॉर्डात सुनावलं होतं. म्हणाली, मी सगळं तुम्ही दाखवता तस्संच करते, तरी पोरीची छाती वाजते, म्हणजे तुमचंच काहीतरी चुकत असेल. सगळ्या बायका ऐकत होत्या. एक जण हसली. बटणं लावणारी बाई मला शिकवते, हे मला गिळवेना. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस आणि माझ्या तोंडून ते निघालं. निघालं म्हणजे काय, मीच काढलं. आणि तिचं म्हणणं शब्द न् शब्द बरोबर होतं.

तुझं पत्र आल्यावर मोठ्या डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. सिस्टर होती. त्यांनी पत्र वाचून दाखवलं आणि शांतपणे विचारलं, मावशी, तुम्ही पाहिलं होतं का? मी म्हटलं, आठवत नाही. लिहिताना सुद्धा मान वर होत नाही माझी. बारा वर्षं कोण कुठल्या खाटेवर होतं ते सांगणारी मी, म्हटलं आठवत नाही. ते म्हणाले, जा.

बाहेर आले तर शिट्टीची आजी रांगेत बसून पुराण सांगत होती. आईकडे होती तेव्हा जीव जायची वेळ आली होती, माझ्याकडे आली आणि बघा कशी उजळली. म्हणजे मी गुपचूप पुसणं थांबवलं त्याचं श्रेय गेलं आजीला आणि बटणवालीचं तोंड आणखी काळं झालं. पोरगी बरी झाली की सगळं मिटेल म्हणत होते ना मी? पोरगी बरी झाली आणि आईकडे परत जायची वाटच बंद झाली.

तरी मी गेले असते पुढे, खरं सांगते. फरशी पुसायची होती. पण शेजारच्या बाईने शिट्टीला विचारलं, आई काय करायची गं तुझी? आणि ती पोरगी पाय हलवत म्हणाली, 'आई माझं औषध हवेत उडवून द्यायची. मला नाही द्यायची.'

तिने काय पाहिलंय? काही नाही. वर्षभर ऐकलंय. माझं वाक्य होतं ते. माझ्या तोंडचं जसंच्या तसं, फक्त आवाज तिचा.

मी बादली तिथेच ठेवली आणि परत मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. दार न वाजवता. सगळं सांगितलं, नव्या पंपाचं, दोनदाचं, आदल्या दिवशीचं. सिस्टर भिंतीकडे बघत होती. डॉक्टरांनी लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, मी सही केली. म्हणाले, याची एक प्रत त्या आईला पाठवतो. मी म्हटलं, द्या, मीच नेते.

कारखान्यात गेले तेव्हा जेवणाची सुट्टी व्हायची होती. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बायका, मधोमध बटणांचे डबे. बटणवालीने मला पाहिलं आणि आधी विचारलं, पोरीला काही झालं का? मी म्हटलं, नाही, बरी आहे. मग उभ्या उभ्या सांगितलं. बाहेर चल म्हणायचं मनात आलं होतं, पण तिच्याबद्दलचं खोटं मी चारचौघांसमोर बोलले होते. शेजारच्या बायकांचे हात थांबले. तिचा नाही थांबला. तिने ते बटण पुरं केलं, दोरा तोडला आणि विचारलं, 'पुसण्याचं कधी कळलं तुम्हाला?'

फेब्रुवारीत, मी म्हटलं.

'आता एप्रिल आहे,' ती म्हणाली.

मी कागद तिच्यापुढे धरला. तिने कागद वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला, मुकादमाला अर्धा दिवस मागितला आणि मला म्हणाली, चला.

आजीचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाप घरीच होता. आजीने मला पाहून आत या, बसा केलं, तिला वाटलं मी काही चौकशीला आले. मग मागे बटणवाली दिसली. मी बसले नाही. पुन्हा सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं काही नसतं. आजी म्हणाली, बाई, पुसायला तुम्हीच शिकवलंत मला, वर शाबासकी दिलीत. मी म्हटलं, हो. म्हणाली, आणि आता बरी आहे ना पोरगी, मग झालं, कशाला हा तमाशा. माझेच शब्द, महिन्यापूर्वी तुला लिहिलेले. बाप नुसता कागद उलटसुलट करत होता.

शिट्टी दारात येऊन उभी राहिली होती. बटणवाली मला म्हणाली, यांना राहू द्या, हिला सांगा.

पोरी, डॉक्टरांपुढे जीभ चालली, कारखान्यात चालली, तिथे चालेना. गुडघे वाकवून खाली बसले. म्हटलं, तुझी आई रोज औषध द्यायची. हवेत उडवत नव्हती. मी खोटं बोलले होते. ती म्हणाली, मग मी बरी का नव्हते? मी म्हटलं, नळकांडं पुसायचं नसतं, मी सगळ्यांना पुसायला शिकवलं, म्हणून. तिने जरा विचार केला. मग आजीकडे वळून म्हणाली, 'आपण पण पुसायचो.'

मोठमोठे कागद लिहून झाले, पण बापाच्या डोक्यात उजेड पडला तो त्या वाक्याने. त्याने बायकोकडे पाहिलं. वर्षभरात नीट पाहिलं नसेल. म्हणाला, रोज द्यायचीस? ती म्हणाली, रोज. तो म्हणाला, एक महिना तुझ्याकडे राहू दे, तपासणीला मी येईन, मग बघू. आजी उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मला तिचा राग नाही आला. तिनेही वर्षभर जीव लावला होता, माझ्या भरवशावर.

जिना उतरताना शिट्टी पुढे, तिची पिशवी घेऊन आई मागे, आणि सगळ्यात मागे मी. खाली आल्यावर बटणवालीने पोरीला दोन पावलं पुढे पाठवलं आणि मला म्हणाली, 'तपासणीला आम्ही येऊ तेव्हा तुम्ही समोर येऊ नका. माझ्या पोरीच्या कुठल्याही वस्तूला हात लावू नका.' मी बरं म्हटलं. ती गेली.

तू विचारशील, माफ केलं का. मी माफी मागितलीच नाही. पोरगी ऐकत होती, रस्त्यात माणसं होती, मागितली असती तर तिला द्यावी लागली असती. वर्षभर घेतलं तेवढं पुरे होतं.

माझी नोकरी आहे. शिकवण्याचं काम काढून घेतलं, चादरींच्या खोलीत टाकलंय. चादरी कितीही घासल्या तरी कोणाचं वाईट होत नाही, तेवढं बरं आहे. सिस्टरने आता प्रत्येक नळकांड्याचा छापील कागद मोठ्या अक्षरात लिहून शेल्फावर लावलाय. वॉर्डात सगळ्यांना कळलं तू माझी कोण ते. एक जण म्हणाली, तरीच नाक सारखं आहे. तुला तिकडे काय सोसावं लागलं ते लिही. खरं लिही.

मंगळवारी मायलेकी तपासणीला आल्या. मी चादरींच्या खोलीत घड्या घालत राहिले. सिस्टरने दार ढकलून सांगितलं, पोरगी विचारतेय, मावशी कुठे गेली. मी म्हटलं, रजेवर आहे म्हणून सांग. ती वळली तेवढ्यात तिला परत हाक मारली. म्हटलं, नको, तसं नको सांगू. आतच आहे म्हणावं, पण बाहेर येणार नाही.

आत्या